तुलनेसाठी नमुना

शेवटची बाटली अजून आहे.
फ्रिजात, इडलीच्या पिठामागे, उभी.
चिकलठाण्याचा आमचा प्लांट बंद झाला त्या संध्याकाळी
लॅबच्या कपाटातून उचलून पर्समध्ये टाकली.
अकरा वर्षांच्या नोकरीत एवढी एकच चोरी.

अकरा वर्षं तिचा रंग मोजला, कडूपणा मोजला,
घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकला.
नियमच तसा होता,
शिवाय साडेपाचच्या कंपनीच्या बसमध्ये
शेजारी कोण येऊन बसेल सांगता येत नसे.
गिळायला नंतर शिकले. घरी, शनिवारी, कडी लावून.

आता सिडको, एन-सात.
लग्नात आहेर आलेल्या मोठ्या पातेल्यात
मोड आणून वाळवलेले जव, भरडून,
सदुसष्ट अंशांवर तासभर.
तेवढ्यात मी कणीक मळून घेते.
मग हॉप्सची फुलं पडतात उकळीत
आणि वास जिना उतरतो.
खालच्या निर्मळकाकू वर येतात:
"काय शिजायलंय गं, वैजयंता?"
"आंबील," मी म्हणते. अगदीच खोटं नाही ते.
"मग वाटीभर ठेव की मला."
वाटी सोबतच आणलेली असते.

पहिली खेप जारच्या पाण्यात केली.
गुळगुळीत, कुठल्याच गावचं नसलेलं पाणी.
बिअरही तशीच झाली, पत्ता नसलेली.
दुसरी एप्रिलमध्ये. बाहेर बेचाळीस,
यीस्ट चवताळलं, घरभर पिकल्या केळ्यांचा वास,
झाकण उडून छताला.
डाग आहे अजून. पाहुण्यांना आम्ही सांगतो, वरून गळतं.

तिसरीच्या आधी कटकट गेटच्या मुजम्मिलने
भंगारातला एक फ्रिज आणून
अठरा अंशांवर थांबायला शिकवलं त्याला.
पीत नाही तो. पैसेही घेतले नाहीत पूर्ण.
पण दर चार दिवसांनी येऊन काटा बघतो,
नळीतून निघणारे बुडबुडे मोजतो,
"चल रहा है," म्हणतो,
आजाऱ्याची नाडी बघितल्यासारखा.

चौथीला बोअरचं पाणी घेतलं.
भांड्याला पांढरा थर धरणारं, साबणाला फेस न येऊ देणारं.
या शहराचं जुनं नाव खडकी.
पाण्याला ते अजून आठवतं.
तिथून पुढे कडूपणाला धार आली.

पाचवी आज उघडायची.
बाटल्या यांनी धुतल्या, प्रत्येक वेळी हेच धुतात,
तोंड वाकडं करून, पण उजेडात धरून, दोनदोनदा.
दोन पेले ठेवले. डावीकडे माझी.
उजवीकडे, पाच वर्षांनी, ती.

झाकण निघालं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही नीट.
रंग काळवंडलेला. फेस आला आणि लगेच गेला.
वास ओल्या पुठ्ठ्याचा.
मला माहीत होतं. मला माहीत असायलाच हवं होतं,
हेच तर शिकले मी बी.एस्सी.ला, हेच अकरा वर्षं
लाल शाईने लिहिलं इतरांच्या नमुन्यांवर.
माझ्या पेल्यात संत्र्याची साल होती,
थोडं सुकं गवत,
शेवटी कारल्याच्या बीइतका कडसरपणा.
पण बरोबर आहे की नाही, ते कुणाला विचारायचं?

"कशी लागायली?" हे दारातून.
वही ओढली.
रंग: किंचित गढूळ. वास: जवळचा. चव:
तुलनेसाठी नमुना: उपलब्ध नाही.

मग ती जुनी आधी प्यायले.
सगळी. बेसिन दोन पावलांवर होतं.

काकूंची वाटी अजून माझ्याकडेच आहे,
बुडाला त्यांच्या नणंदेचं नाव कोरलेली.
भरली. फेस काठावर थरथरला,
तो बसेपर्यंत थांबले
आणि जिना उतरले.